चारित्र्याचे इंग्रजी शब्द : कोणता, कोठे आणि का?



दरवर्षी जून-जुलै महिन्यांत आपल्या संस्थेच्या कार्यालयात एक दृश्य हमखास दिसते. कोणाला महाविद्यालयात प्रवेश हवा असतो, कोणाला वसतिगृहाचा अर्ज भरायचा असतो, कोणाला नोकरीच्या ठिकाणी दोन प्रतिष्ठित व्यक्तींचे दाखले द्यायचे असतात. मुले कोरा कागद घेऊन येतात आणि म्हणतात, "काका, चारित्र्याचा दाखला इंग्रजीत लिहून द्या." आपल्यापैकी जो कोणी तेथे बसलेला असतो, तो जुन्या दाखल्यावरून एक वाक्य उतरवून देतो : 'ही बेअर्स अ गुड मॉरल कॅरेक्टर.' कोणी हौशी असला तर त्यापुढे ऑनेस्ट, सिन्सिअर, व्हर्च्युअस, रायचस अशी विशेषणांची माळ ओवतो. मुलगा आनंदाने जातो. आपण काय लिहून दिले, याचा विचार ना देणारा करतो, ना घेणारा.

मी बँकेत लिपिक आहे, भाषेचा पंडित नाही. कला शाखेची पदवी घेताना इंग्रजी विषय होता, एवढीच काय ती शिदोरी. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, त्याला एक कारण घडले आहे. ते आधी सांगतो.

एका शब्दाची किंमत

२०१२ सालची गोष्ट. दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. बँकेत पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या शेजारच्या खिडकीवर माझाच एक सहकारी रोखपाल म्हणून बसला होता. त्याचा मुलगा तापाने फणफणलेला, रात्रभर जागरण झालेले. संध्याकाळी रोकड जुळवताना पाच हजार रुपये कमी पडले. कोणाला तरी पाचशेच्या दहा नोटा जास्त दिल्या गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याने पदरचे पैसे भरले. तरीही नियमाप्रमाणे मेमो आला आणि लेखी खुलासा मागितला गेला. खुलासा वरच्या कार्यालयात जाणार असल्याने इंग्रजीत लिहायचा होता.

त्याच्या मनात मराठी वाक्य होते : 'मुलाच्या आजारपणामुळे त्या दिवशी मी माझे काम प्रामाणिकपणे करू शकलो नाही.' मराठीत या वाक्यात काहीही वावगे नाही. 'प्रामाणिकपणे अभ्यास कर' असे आपण मुलांना म्हणतोच. तेथे मन लावून, कसून असाच अर्थ असतो. त्याने त्या वाक्याचे शब्दाला शब्द इंग्रजी केले : 'आय कुड नॉट डू माय वर्क ऑनेस्टली.'

कागद देण्यापूर्वी तो माझ्याकडे आला. "अरे, तुझं इंग्रजी चांगलं आहे, जरा नजर टाक," म्हणाला. माझ्यासमोर ग्राहकांची रांग होती. मी वरवर वाचले आणि म्हणालो, "ठीक आहे, दे."

वरच्या कार्यालयातील अधिकारी परप्रांतीय होते, त्यांना मराठी येत नव्हते. त्यांनी 'ऑनेस्टली' या शब्दाखाली लाल रेघ मारली. कर्मचारी स्वतःच लिहून देतो की मी त्या दिवशी प्रामाणिक नव्हतो, मग आणखी पुरावा कशाला? साध्या नजरचुकीचे प्रकरण अप्रामाणिकपणाच्या चौकशीवर गेले. सात महिने चौकशी चालली. शेवटी 'प्रामाणिकपणे' या मराठी शब्दाचा अर्थ समजावून सांगणारे दुसरे निवेदन लिहावे लागले, तेव्हा कोठे ताकीद देऊन प्रकरण मिटले. ते दुसरे निवेदन मी लिहिले. परंतु पहिला कागदही मीच वाचला होता, हे मी विसरू शकत नाही.

त्या वाक्यात फक्त एक शब्द बदलायचा होता. 'ऑनेस्टली'च्या जागी 'केअरफुली' किंवा 'विथ ड्यू केअर' एवढे लिहिले असते तरी भागले असते.

मराठी एक, इंग्रजी तीन

आपला 'प्रामाणिक' हा शब्द 'प्रमाण' या शब्दावरून आला आहे. जे प्रमाणाला उतरते ते प्रामाणिक. त्यामुळे या शब्दाच्या पोटात पुष्कळ अर्थ मावतात. खोटे न बोलणारा प्रामाणिक, पैशाला हात न लावणारा प्रामाणिक, मन लावून काम करणारा प्रामाणिक आणि मनापासून बोलणारा तोही प्रामाणिक. इंग्रजीने मात्र या अर्थांची वाटणी करून ठेवली आहे.

'ऑनेस्ट' म्हणजे जो खोटे बोलत नाही, फसवत नाही, दुसऱ्याचे घेत नाही. या शब्दाचा संबंध सत्याशी आणि व्यवहाराशी आहे, कौशल्याशी किंवा मेहनतीशी नाही. म्हणूनच इंग्रजीत 'ऑनेस्ट मिस्टेक' असा शब्दप्रयोग आहे. चूक झाली, पण हेतू वाईट नव्हता, असा त्याचा अर्थ. माझ्या सहकाऱ्याची चूक तंतोतंत 'ऑनेस्ट मिस्टेक' होती आणि त्याने नेमके उलटे लिहिले. (या शब्दातील 'एच' उच्चारला जात नाही, म्हणून मागे 'अ' न येता 'अॅन' येतो, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.)

'कॉन्शिएन्शस' म्हणजे जो आपले काम काळजीपूर्वक, जबाबदारीने, मनाला साक्षी ठेवून करतो. या शब्दाचे स्पेलिंग अवघड वाटते, पण त्यात 'कॉन्शन्स' म्हणजे सदसद्विवेकबुद्धी हा शब्द दडलेला आहे आणि त्या शब्दात 'सायन्स'चे स्पेलिंग जसेच्या तसे दडलेले आहे. एवढे लक्षात ठेवले तर चूक होत नाही. मात्र 'कॉन्शस' हा शब्द निराळा. त्याचा अर्थ शुद्धीवर असलेला, भान असलेला. 'ही इज अ कॉन्शस वर्कर' असे लिहिले तर कामगार बेशुद्ध नाही एवढेच कळायचे! आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांच्या शपथेचा मसुदा आहे. तेथे इंग्रजीत 'कॉन्शिएन्शसली' हा शब्द आहे आणि मराठी शपथेत त्या जागी 'शुद्ध बुद्धीने' असे शब्द येतात. शपथविधी आपण दूरदर्शनवर पुष्कळदा पाहिला आहे. पुढच्या वेळी हे शब्द कान देऊन ऐकावेत.

'सिन्सिअर' हा तिसरा शब्द. त्याचा संबंध मनाच्या खरेपणाशी आहे. आत एक, बाहेर एक असे ज्याच्यापाशी नाही तो सिन्सिअर. माणूस सिन्सिअर असूनही त्याचे मत चुकीचे असू शकते. भारतात आपण 'सिन्सिअर स्टुडंट' म्हणजे अभ्यासू विद्यार्थी असा अर्थ घेतो आणि आपल्याकडे तो चालतो. परंतु परदेशातील विद्यापीठाला पत्र पाठवायचे असेल तर तेथे 'हार्डवर्किंग' किंवा 'डिलिजंट' लिहिणे बरे.

कायदाही हा फरक मानतो

प्रामाणिकपणा आणि काळजी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे केवळ शब्दकोशाचे म्हणणे नाही. बँकेच्या परीक्षांना बसणाऱ्या आमच्यासारख्यांना १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट वाचावा लागतो. धनादेशाचे पैसे रीतसर केव्हा दिले असे मानायचे, हे त्याच्या १० व्या कलमात सांगितले आहे. तेथे पैसे सद्भावनेने दिलेले असावेत आणि त्यात निष्काळजीपणा नसावा, अशा दोन अटी वेगवेगळ्या घातल्या आहेत. एकात दुसरी आपोआप येत असती, तर दोन्ही लिहिण्याचे कारण नव्हते.

याहून गंमत पुढेच आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टप्रमाणे एखादी गोष्ट ऑनेस्टली केली असेल, तर निष्काळजीपणा झालेला असला तरी ती सद्भावनेने केली असे समजले जाते. उलट १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ५२ व्या कलमाप्रमाणे योग्य ती काळजी घेतली नसेल तर ती गोष्ट सद्भावनेने केली असे म्हणता येत नसे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी ही व्याख्या कायम आहे. म्हणजे एकच शब्द, एक कायदा त्याला प्रामाणिकपणाशी जोडतो, तर दुसरा काळजीशी. वकिलांना आणि न्यायाधीशांना जेथे हा फरक तोलून पाहावा लागतो, तेथे आपण विशेषणे डोळे मिटून लिहावीत, हे योग्य नव्हे.

आपल्या वाचकांना हा भेद परका वाटू नये. पंचशीलातील दुसरे शील अदिन्नादानापासून, म्हणजे न दिलेले घेण्यापासून दूर राहण्याचे आहे. पाली वाङ्मयात 'प्रमाद' आणि 'अप्रमाद' हे शब्दही वारंवार येतात. धम्मपदाचा दुसरा वर्ग अप्पमादवग्ग या नावाचाच आहे. प्रमाद म्हणजे गाफीलपणा, अप्रमाद म्हणजे जागरूकता. इंग्रजी भाषांतरकारांनी अप्रमादासाठी 'हीडफुलनेस', 'डिलिजन्स', 'व्हिजिलन्स' असे निरनिराळे शब्द वापरले आहेत, 'ऑनेस्टी' हा शब्द नव्हे. माझ्या सहकाऱ्याच्या हातून प्रमाद घडला होता, अदिन्नादान नव्हे. त्याचा मराठी शब्द दोन्ही अर्थांना पुरत होता, इंग्रजी शब्द पुरला नाही.

ताठ कणा आणि अखंड मन

आता थोडे वरच्या पायरीचे शब्द पाहू.

'अपराइट' म्हणजे सरळ उभा, ताठ कण्याचा. ज्याच्यावर दबाव येऊ शकतो आणि तरीही जो वाकत नाही, त्याला हा शब्द शोभतो. न्यायाधीश, अधिकारी, पंच यांच्यासाठी तो योग्य. बारावीच्या मुलाच्या दाखल्यात तो जरा मोठ्या मापाचा अंगरखा वाटतो.

'इंटिग्रिटी' हा शब्द गणितातील 'इंटिजर' म्हणजे पूर्णांक या शब्दाच्या कुळातला आहे. मूळ लॅटिन अर्थ अखंड, न तुटलेले. घरात एक, कचेरीत दुसरा, अंधारात तिसरा असे ज्याचे तुकडे पडत नाहीत, त्याच्यापाशी इंटिग्रिटी आहे. मराठीत 'सचोटी' हा त्याला जवळचा शब्द. सरकारी नोकरांच्या गोपनीय अहवालात सचोटीसंबंधी वेगळा शेरा असतो, यावरून त्याचे वजन कळावे. या नामाचे सोयीचे विशेषण मात्र इंग्रजीत नाही. 'इंटिग्रल' म्हणजे अविभाज्य आणि 'इंटिग्रेटेड' म्हणजे एकत्र केलेले. माणसाच्या सचोटीसाठी यांतला कोणताच शब्द चालत नाही. 'अ मॅन ऑफ इंटिग्रिटी' किंवा 'अ वुमन ऑफ इंटिग्रिटी' असेच लिहावे.

'प्रिन्सिपल्ड' म्हणजे तत्त्वनिष्ठ. येथे आमच्या बँकेतला एक घोटाळा सांगतो. 'प्रिन्सिपल' शब्दाच्या शेवटी 'पी-ए-एल' असेल तर तो कर्जाची मुद्दल किंवा कॉलेजचे प्राचार्य. 'पी-एल-ई' असेल तर तत्त्व. 'अ मॅन ऑफ प्रिन्सिपल' लिहिताना शेवट चुकला तर तत्त्वाचा माणूस मुद्दलाचा माणूस होतो!

'स्क्रुप्युलस' या शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'टोकदार बारीक खडा' असे आहे. चपलेत खडा गेला की चालताना टोचतो, तशी बारीकशी चूकही ज्याला टोचते तो स्क्रुप्युलस. हिशेब ठेवणाऱ्यासाठी, खजिनदारासाठी हा शब्द फार चांगला.

मॉरल आणि एथिकल

विद्यार्थी नेहमी विचारतात, या दोहोंत फरक काय? मुळात तो फारसा नाही. 'एथिकल' ग्रीकमधून आला. रोमन वक्ता सिसेरो याने त्या ग्रीक शब्दाला प्रतिशब्द म्हणून लॅटिनमध्ये जो शब्द घडवला, त्यापासून 'मॉरल' आला. दोन्हींच्या मुळाशी चालीरीती, वळण असाच अर्थ आहे. आज मात्र वापर वेगळा झाला आहे. एखाद्या व्यवसायाची ठरवून दिलेली आचारसंहिता असते, तिच्या संदर्भात 'एथिकल' म्हणतात. डॉक्टरने रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेतले, ज्याला आपण कट प्रॅक्टिस म्हणतो, तर ते 'अनएथिकल'. वकिलाने अशिलाची गुपिते फोडली, तेही 'अनएथिकल'. माणूस म्हणून चांगले काय, वाईट काय, या व्यापक प्रश्नासाठी 'मॉरल' आहे.

'इमॉरल' हा शब्द तर फारच जपून वापरावा. आपल्याकडे त्याला लैंगिक गैरवर्तनाचा वास चिकटला आहे. १९५६ च्या वेश्याव्यवसायविरोधी कायद्याच्या नावातही तो शब्द आहे. कचेरीत उशिरा येणाऱ्याला 'इमॉरल' म्हणणे म्हणजे त्याची अब्रू घेणे होय.

'मॉरल'च्या मुळाशी चालरीत असली, तरी चालत आलेली रीत म्हणजे नीती, असे मात्र मुळीच नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्यामागून हजारोंनी पाणी घेतले, तेव्हा त्यांना अडवणारी होती ती रीतच. ती रीत जुनी होती, पण 'मॉरल' नव्हती. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी इतिहासकार ग्रोट याचा आधार घेऊन 'कॉन्स्टिट्यूशनल मोरॅलिटी' म्हणजे संवैधानिक नीती ही कल्पना मांडली आणि ती आपोआप येत नाही, रुजवावी लागते, असे बजावले. एका विशेषणात केवढा आशय भरता येतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

फसवे मोठे शब्द आणि एक छोटा शब्द

'रायचस' हा शब्द कानाला भारदस्त वाटतो. परंतु त्याला धर्मग्रंथांचा वास आहे. नोकरीच्या अर्जात 'आय अॅम रायचस' लिहिणे म्हणजे 'मी पुण्यात्मा आहे' असे स्वतःच सांगणे. याच शब्दाच्या मागे 'सेल्फ' जोडला की स्वतःला तेवढा शहाणा आणि पवित्र समजणारा, असा निंदेचा अर्थ होतो.

'व्हर्च्युअस' म्हणजे सद्गुणी, शीलवान. 'शील' या शब्दासाठी इंग्रजीत 'व्हर्च्यू' वापरतात, त्यामुळे आपल्या लोकांना तो जवळचा वाटतो. त्याचे मूळ लॅटिनमधील 'पुरुष' या अर्थाच्या शब्दात आहे आणि आरंभी त्याचा अर्थ मर्दपणा, शौर्य असा होता. पुढे इंग्रजीत स्त्रीबद्दल वापरताना तो तिच्या लैंगिक शुद्धतेपुरता आकसला. म्हणून आपल्या लेकीबाळींच्या दाखल्यात 'व्हर्च्युअस गर्ल' असे कधीही लिहू नये. तिच्या नोकरीशी ज्याचा संबंध नाही अशा गोष्टीची ग्वाही देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

छोटा शब्द आहे 'डिसेंट'. आपण तो 'डिसेंट पगार', 'डिसेंट कपडे' असा स्वस्त करून टाकला आहे. मूळ अर्थ शोभेल असे, उचित. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदात भाषणस्वातंत्र्यावरील मर्यादा सांगताना 'डिसेन्सी' आणि 'मोरॅलिटी' हे शब्द शेजारी शेजारी येतात, म्हणजे घटनाकारांनीही ते दोन मानले. माणसासाठी हा शब्द वापरला की तो आपल्याहून दुबळ्याशी कसा वागतो, हे त्यातून सांगितले जाते. शिपायाला, मोलकरणीला, रांगेतल्या म्हाताऱ्या निवृत्तिवेतनधारकाला जो माणूस म्हणून वागवतो, तो डिसेंट. माझ्या मते ही फार मोठी शिफारस आहे.

शब्द निवडताना विचारायचे प्रश्न

लिहिण्यापूर्वी स्वतःला पुढील प्रश्न विचारावेत :

१. मी याच्या सत्याची व पैशाच्या व्यवहाराची ग्वाही देतो आहे काय? तर 'ऑनेस्ट'.

२. कामातील काळजीची व जबाबदारीची? तर 'कॉन्शिएन्शस', हिशेबातील बारकाव्याची असेल तर 'स्क्रुप्युलस'.

३. मनाच्या खरेपणाची? तर 'सिन्सिअर'.

४. दबावाखाली न वाकण्याची? तर 'अपराइट', आत-बाहेर एक असण्याची असेल तर 'ऑफ इंटिग्रिटी'.

५. ठरलेल्या मतासाठी तोटा सोसण्याची? तर 'प्रिन्सिपल्ड'.

६. व्यवसायाचे नियम पाळण्याची? तर 'एथिकल'.

७. माणसांशी माणुसकीने वागण्याची? तर 'डिसेंट'.

आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : हे मी स्वतः पाहिले आहे काय? पाहिले असेल तर विशेषणापुढे ते एका वाक्यात लिहावे. 'या मुलाने तीन वर्षे आमच्या अभ्यासिकेच्या पुस्तकांची नोंद ठेवली आणि एकही पुस्तक हरवले नाही,' एवढे लिहून पुढे एकच 'कॉन्शिएन्शस' ठेवला, तर तो शब्द उभा राहतो. पाहिले नसेल तर शब्द गाळावा. दहा विशेषणांचा दाखला वाचणारा कोणत्याच विशेषणावर विश्वास ठेवत नाही.

आपल्या आधीच्या पिढीतील पुष्कळांना अंगठा उठवून कागद दुसऱ्याच्या हाती द्यावा लागला. त्यावर काय लिहिले आहे, हे त्यांना कळत नसे. आज आपली मुले स्वतः लिहितात, इंग्रजीतही लिहितात. तेव्हा आपल्या सहीच्या वर कोणता शब्द बसला आहे, तो काय बोलतो आहे, हे कळणे ही चैन नव्हे, गरज आहे. शंका आली तर शब्दकोश उघडावा, जाणत्याला विचारावे. आणि आपल्याला कोणी विचारले, तर रांग कितीही मोठी असो, कागद पूर्ण वाचावा. मी त्या दिवशी वाचला नाही. म्हणून हे लिहिले.